व्होल्स्टेडला दारूबंदीनं पाडलं नाही

“एका धर्मवेड्या खासदारानं एकट्याच्या हट्टापायी अमेरिकेवर दारूबंदी लादली, पिणाऱ्यांना गुन्हेगार ठरवलं आणि चिडलेल्या मतदारांनी पुढच्याच निवडणुकीत त्याला घरी बसवलं.” दारूबंदीचा विषय निघाला की अँड्र्यू व्होल्स्टेडची ही गोष्ट हमखास फिरू लागते. ऐकायला झकास, पण तपासायला घेतली तर फारसं काही हाती उरत नाही.

आधी ‘एकट्याचा हट्ट’. बंदी आणली ती अमेरिकी राज्यघटनेच्या 18व्या दुरुस्तीनं. काँग्रेसनं, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या तिथल्या संसदेनं, ती डिसेंबर 1917 मध्ये मंजूर केली आणि 16 जानेवारी 1919 पर्यंत पुरेशा राज्यांनी तिला मान्यताही दिली. तिच्या अंमलबजावणीसाठी वेगळा कायदा हवा होता. त्या वर्षी व्होल्स्टेड प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष होता, म्हणून विधेयकाला त्याचं नाव चिकटलं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 27 ऑक्टोबर 1919 रोजी नकाराधिकार वापरला. प्रतिनिधीगृहानं त्याच दिवशी आणि सिनेटनं दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश मतांनी तो धुडकावला. एवढी मतं एका माणसाच्या हट्टातून येत नाहीत.

पिणं गुन्हा होतं, हेही खोटं. बंदी होती ती दारू गाळण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावर. बंदीपूर्वी कायदेशीरपणे घेऊन ठेवलेला साठा घरात बसून पाहुण्यांसह संपवायला मोकळीक होती. चर्चमधल्या वाइनला सूट होती, डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्कीही मिळे. आता अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय ‘मादक’ ठरवल्यानं बिअरही कचाट्यात सापडली, याचा राग मात्र खरा होता.

खरी गंमत पराभवात आहे. ‘पुढच्याच निवडणुकीत’ म्हणजे 1920 मध्ये व्होल्स्टेड हरला नाही. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत ओले क्वाले या लुथरन धर्मोपदेशकानं त्याला मागे टाकलं होतं. पण क्वालेनं प्रचारात व्होल्स्टेडला नास्तिक म्हटल्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तो विजय रद्द झाला. (ज्याला आज धर्मवेडा म्हणतात, त्याच्यावर तेव्हा आरोप होता तो हा!) नोव्हेंबरमध्ये व्होल्स्टेड पुन्हा निवडून आला. 1922 मध्ये मात्र क्वालेनं त्याला पाडलंच. पण क्वाले स्वतः दारूबंदीचा कट्टर समर्थक होता. दारूसाठी आसुसलेल्या मतदारांनी असा माणूस कशाला निवडला असता? महायुद्धानंतर धान्याचे भाव कोसळले होते, व्होल्स्टेडच्या मिनेसोटा राज्यातला शेतकरी कर्जात बुडत होता आणि वीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या रिपब्लिकन खासदारावर तो राग निघाला. बंदी उठली ती 5 डिसेंबर 1933 ला, म्हणजे या पराभवानंतर अकरा वर्षांनी.

त्यातही विचित्र असं की, शेतकऱ्यांसाठी त्यानं केलेलं मोठं काम पराभवाच्याच वर्षातलं. फेब्रुवारी 1922 च्या कॅपर–व्होल्स्टेड कायद्यानं शेतकऱ्यांना एकत्र येऊन माल विकण्याची मुभा दिली. त्याआधी अशा सहकारी संस्थांवर मक्तेदारीविरोधी कायद्याची टांगती तलवार असे. संस्थेनं दोनपैकी एक अट पाळायची: भांडवल कितीही असो, एका सभासदाला एकच मत. नाहीतर लाभांश वर्षाला आठ टक्क्यांच्या आत. यातली पहिली अट आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला समजावून सांगावी लागणार नाही. दारूबंदीचा कायदा केव्हाच इतिहासजमा झाला, पण हा कायदा आजही लागू आहे आणि अमेरिकेतले दूध संघ त्याच्याच आधारावर उभे आहेत.