तीन लाल टिक आणि मामांनी पुसलेली पोस्ट

माझे मामा पारोळा तालुक्यात शेती करतात. कापूस उपटला, गहू पेरला आणि दुसऱ्या पाण्याच्या वेळेलाच शिवारातली डीपी, म्हणजे पाण्याच्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आठ दिवस झाले तरी कोणी फिरकलं नाही. मामांनी डीपीचा फोटो काढला, खाली तीन ओळी लिहिल्या आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. अर्ज कोणत्या तारखेला दिला, किती जणांच्या मोटारी बंद आहेत, गहू अजून किती दिवस तग धरेल, एवढंच. शिवी नाही, कोणाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्ट गायब. मामांनी स्वतःच पुसली होती. मी फोन केला तर म्हणाले, "जाऊ दे रे भाऊ, कसाले इतली झंझट. आते समदं रेकॉर्ड व्हस म्हने."

त्यांना कोणी दम दिला नव्हता. रात्री त्याच ग्रुपवर एक मेसेज आला होता. तुमच्याकडेही तो नक्की आला असेल: "उद्यापासून नवीन संचार नियम लागू. सर्व कॉल रेकॉर्ड होतील. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकवर नजर ठेवली जाईल. तुमचे फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडले जातील. सरकार किंवा पंतप्रधानांविरुद्ध मेसेज पाठवणे गुन्हा आहे, वॉरंटशिवाय अटक होऊ शकते." खाली टिकांचा तक्ता. तीन निळ्या टिक म्हणजे सरकारने दखल घेतली, दोन निळ्या आणि एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तीन लाल म्हणजे कारवाई सुरू झाली, लवकरच कोर्टाचं समन्स येणार. शेवटी, "आपल्या सर्व नातेवाइकांना कळवा."

अमळनेरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या आठवड्यात चार जण हाच मेसेज घेऊन आले. एका काकांनी तर फोन काउंटरवर ठेवून विचारलं, "यातलं रेकॉर्डिंग बंद करून दे ना, काय पैसे होतील ते घे." म्हणून एकेक मुद्दा घेऊन सरळ लिहितो.

पहिलं, "उद्यापासून". या मेसेजला तारीख नाही, कारण तारीख टाकली की तो दुसऱ्या दिवशी मरतो. मजकूर कित्येक वर्षं फिरतोय. टिकांचा तक्ता २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीतच, केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने खोटा म्हणून जाहीर केला होता. सरकारने जे केलंच नाही असं सरकार स्वतः सांगतंय, ते सरकारच्या नावाने आजही आपण एकमेकांना पाठवतोय.

आता त्या टिक. लोकांना सगळ्यात जास्त त्याच खऱ्या वाटतात, कारण निळ्या टिक रोज डोळ्यांसमोर असतात.

टिक तुमच्याच फोनमधलं अ‍ॅप काढतं. मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचला की तिकडून पोच येते, एक करडी टिक. समोरच्याच्या फोनमध्ये उतरला की दुसरी. त्याने उघडला की दोन्ही निळ्या, आणि ती निळी टिकसुद्धा २०१४ च्या नोव्हेंबरपासूनची. पोचा एवढ्याच. चौथी पोच नाही, म्हणून तिसरी टिक नाही, लाल रंग तर नाहीच. २०१६ च्या एप्रिलपासून व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रत्येक मेसेज तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो. किल्ली त्या दोन टोकांना असते. मधल्या सर्व्हरला डीपीचा फोटो गेला की लग्नाची पत्रिका गेली हे वाचताच येत नाही. ज्याला वाचता येत नाही तो लाल रंग कशावर देणार? आणि समजा कोणी खरंच तुमच्यावर पाळत ठेवली असेल, तर तो तुमच्याच स्क्रीनवर लाल खूण करून तुम्हाला सावध करेल का? पाळतीचा सगळा उपयोगच तुम्हाला न कळण्यात आहे.

इथे एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर कोणीतरी पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं नाव काढेल. हो, फोनमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं तर कुलपाचा उपयोग नाही, कारण ते आतूनच वाचतं. २०१९ मध्ये अशा हल्ल्यात जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केल्याचं व्हॉट्सअ‍ॅपनेच जाहीर केलं होतं, त्यात भारतीयही होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत कसलंतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. हा विषय गंभीर आहे आणि त्यावर प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण तो पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी यांच्या फोनचा विषय आहे. जळालेल्या डीपीच्या फोटोमागे कोणी ते हत्यार लावत नाही. गावाच्या ग्रुपवरचा मेसेज बाहेर जातो तो साध्या वाटेने: दोनशे जणांपैकी एक जण स्क्रीनशॉट काढतो.

आता "कोर्टाचं समन्स". मला सगळ्यात जास्त राग याच ओळीचा आहे, कारण तिच्यामुळे माणसं लुटली जाताहेत.

२१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना स्पष्ट सांगितलं की पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस, म्हणजे जुन्या कायद्यातली कलम ४१-अ ची आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली कलम ३५ ची, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. कायद्यात सांगितलेल्या रीतीनेच ती बजावायची. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणाने यात सूट मागितली, तीही न्यायालयाने नाकारली. हा आदेश ग्रुपवर पाठवण्याजोगा आहे, पण तो कोणी पाठवत नाही. कोर्टाचं समन्स त्याहून वेगळं, आणि नव्या संहितेत ते कोर्टाच्या शिक्क्यासह इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवायची सोय आहे, हे मी लपवत नाही. पण त्याच्यावर न्यायालयाचं नाव असतं, खटल्याचा क्रमांक असतो, तारीख असते. जवळच्या वकिलाला दाखवून ते अर्ध्या तासात तपासता येतं. टिकच्या रंगावरून समन्स निघत नाही.

हे एवढं ताणून का सांगतोय? गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. हात थरथरत होते. त्यांना फोन आला होता की तुमच्या नंबरवरून बेकायदा मेसेज गेलेत, दोन तासांत नंबर बंद होईल, मग व्हिडिओ कॉलवर 'साहेब' बोलतील, तोवर घरात कोणाला काही सांगायचं नाही. गुरुजींनी मला काय विचारलं? "बघ रे, माझ्या फोनमध्ये लाल टिक कुठे दिसताहेत का?" म्हणजे चोराने फोन करायच्या कितीतरी आधी या मेसेजने त्याचं अर्धं काम करून ठेवलं होतं. सरकार माझे मेसेज वाचतं, त्यावरून गुन्हा होतो, तो मोबाईलवर कळतो, हे गुरुजींनी आधीच खरं धरलं होतं. उरलं होतं फक्त पैसे मागणं. ते दुकानात आले म्हणून वाचले. हरियाणातल्या अंबाल्याचं एक वृद्ध जोडपं वाचलं नाही. त्यांना सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीच्या वर लुटलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. व्हिडिओ कॉलवरच तुम्हाला अटक झाली असं सांगतात, त्या 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कोणत्याच कायद्यात नाही. असा फोन आला तर कापा, आणि पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

"सर्व कॉल रेकॉर्ड होतील." सगळ्यांचे नाही. देशात ११० कोटींहून जास्त मोबाईल जोडण्या आहेत. एखाद्याचा फोन ऐकायचा तर कायद्याने गृहसचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो. आदेश साठ दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवसांचा, आणि त्यावर आढावा समिती असते. यात खरा अंश एवढाच की तुम्ही कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, ती कंपनीला दोन वर्षं ठेवावी लागते. बोलणं त्यात नसतं. फोन लावताना मध्यंतरी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची, तीसुद्धा कित्येकांनी 'सरकार ऐकतंय' अशी घेतली. ती सगळ्यांना वाजणारी ध्वनिफीत होती.

"तुमचे फोन मंत्रालयाला जोडले जातील." आपल्याकडे मंत्रालय म्हटलं की मुंबईची इमारत. इथे मात्र दिल्लीचं एखादं खातं अभिप्रेत आहे, म्हणजे मजकूर हिंदीतून जसाच्या तसा उचललाय. कोणतं खातं हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. तरी एक मान्य करावंच लागतं: २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने खरोखर असा आदेश काढला होता की नव्या फोनमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप आधीपासून घातलेलं असावं, नव्वद दिवसांत. मला तो आदेश पटला नव्हता. माझ्या फोनमध्ये काय असावं हे मी ठरवणार. लोक बोलले, विरोधी पक्ष बोलले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. हरवलेला फोन बंद करायला ते अ‍ॅप कामाचं आहे, ज्याला हवं त्याने घालावं. पण ती सक्ती लोक बोलल्यामुळे गेली. सगळ्यांनी मामांसारखी पोस्ट पुसली असती तर आज ते प्रत्येक नव्या फोनमध्ये असतं.

आणि "सरकारविरुद्ध मेसेज म्हणजे गुन्हा". मामांनी नेमकं हेच वाचून पोस्ट पुसली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ हाताशी होतं. त्या गाजलेल्या प्रकरणानंतर ते न्यायालयात गेलं, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अख्खं कलम घटनाबाह्य म्हणून रद्द केलं. म्हणजे हा मेसेज ज्या कायद्याची भीती घालतो त्यासारखा कायदा होता, आणि तो गेला. भीती पूर्ण निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. रद्द झालेलं कलम पोलीस पुढेही लावत राहिले, म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. धमकी, दोन समाजांत तेढ लावणं, कोणाची बदनामी, यांना आजही कायदा आहे आणि असायला हवा. पण डीपी जळाली, अर्ज दिला, कोणी आलं नाही, हे लिहिणं यातल्या कशातच बसत नाही. ते नागरिकाचं काम आहे.

अ‍ॅडमिनला पकडतात, अशी एक पुरवणी आमच्या ग्रुपवर जोडली गेली होती. सदस्याने काही टाकलं आणि त्यात अ‍ॅडमिनचा हात नसेल तर त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. प्रकरण गोंदियाचं होतं.

ज्याने मेसेज टाकला त्याच्याशी बोललो. चांगला पोरगा आहे, वाईट हेतू अजिबात नाही. म्हणाला, "दादा, आला तसा पुढे पाठवला. लोक सावध राहिले तर काय बिघडतं?" मी त्याला मामांचं सांगितलं. त्या डीपीवर त्याच्या वडिलांचीही मोटार आहे. त्यालाही ती पोस्ट दिसली होती, पुसलेली दिसली नव्हती.

रविवारी पारोळ्याला गेलो. मामांच्या ओट्यावर बसून एकच मेसेज त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर पाठवला, एक टिक, दोन टिक, मग मी उघडला तशा निळ्या. दोन-तीनदा करून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, गॅलरी उघडली. फोटो तिथेच होता. मग म्हणाले, "मंग आते आठ नही, तेरा दिन लिखनं पडी."