अँब्युलन्सवाले म्हणजे नुसते हमाल?

मॉनिटरवरच्या सपाट रेषेला, म्हणजे हृदय पूर्ण थांबलेलं असताना, शॉक देणं ही सिनेमातली सगळ्यात मोठी चूक, असं सिनेमात दाखवल्या जाणाऱ्या उपचारांवरच्या एका लेखात म्हटलंय. चूक आहेच, तिथे सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि अ‍ॅड्रेनलिन लागतं, शॉक व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनसारख्या हृदयाच्या बिघडलेल्या लयीला (हृदय नुसतं थरथरत असतं तेव्हा) देतात. पण मला त्याहून जास्त खटकतं ते सिनेमात दाखवलेलं अँब्युलन्सवाल्यांचं काम, स्ट्रेचर ढकलत आले, "डॉक्टर, लवकर!" ओरडले की गायब. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, आमचा अर्धा निर्णय त्यांच्या हँडओव्हरवर होतो हो, पेशंट कधी कोसळला, सीपीआर कधी सुरू झालं, किती शॉक दिले, कुठलं औषध किती वाजता, हे सगळं ते धापा टाकत सांगत असतात आणि आम्ही लिहून घेत असतो.

आणि ते सीपीआर! हिरो कोपर वाकवून छातीवर हलकेच हात दाबतो (समोरचा नट जिवंत असतो, मान्य), खरं तर मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंटीमीटर खोल दाबायचं असतं, बरगड्या मोडतात कधी कधी, दर 2 मिनिटांनी माणूस बदलावा लागतो इतकी दमछाक होते. मग नातेवाईक आम्हालाच विचारतात, एवढं जोरात का दाबताय?