महाराजांना सांगणारं कोणी पाहिजे नं, काकाजी (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काकाजी, रामकृष्णहरी.

तुमची कमेंट वाचली, राग नाही आला, उलट बरं वाटलं की कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की कीर्तनकार, भंते, मौलाना, पास्टर, म्हणजे गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी रोजच्या जगण्यात दोनचार बारक्या सवयी लावून घेतल्या तर राग, रुसवा, कौतुकाची भूक हे सगळं जरा काबूत राहते. त्यावर काकाजी लिहितात की हे इंग्रजी पुस्तकातलं खूळ आहे, आपल्याकडे हरिपाठ, एकादशी, नामस्मरण यात सगळं आलं. दुसरं म्हणजे, "गाडगेबाबांचा पोरगा वारला तरी बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, आन् तुम्ही महाराजांना झोपा, डायरी लिहा, रडू आलं तर रडा सांगून राहिले." तिसरं म्हणजे माझ्यासारख्या पखवाज वाजवणाऱ्यानं महाराज लोकांना शिकवू नये. आणि शेवटी पाकिटाबद्दल, म्हणजे कीर्तनाच्या पैशाबद्दल, एक टोमणा आहे, त्यावर शेवटी येतो.

आधी तिसरं घेतो कारण ते सोपं आहे. पखवाजी शिकवत नाही जी, पण पखवाजी पाहते. तुम्ही मंडपात समोर बसता तेव्हा तुम्हाला महाराजांचा चेहरा दिसते, आम्हाला दिसते पाठ, आणि कीर्तन संपल्यावर स्टेजच्या मागचा सगळा प्रकार. दर्यापूरकडच्या एका सप्त्यातली गोष्ट सांगतो, गाव-नाव काही सांगत नाही. कीर्तनाचा विषय क्षमा. दोन तास असं कीर्तन झालं की बाया पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. मधे दोनदा माईकनं शिट्टी मारली तेवढंच. आरती झाली, मी मागं बसून पखवाजाच्या धुम्यावरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक खरवडून काढत होतो, अन् महाराज आले ते थेट साऊंडवाल्या पोट्ट्यावरच. सतरा-अठराचा असंल तो, वायर गुंडाळत होता. त्याच्या बापापर्यंत गेले हो. पोट्टं खाली मान घालून वायर गुंडाळतच राहिलं, आणि आजूबाजूला आम्ही सात-आठ माणसं, त्यात गावचे सरपंच, मंडळाचे अध्यक्ष, सगळे आपले "हो महाराज, बरोबर आहे महाराज". अर्ध्या तासापूर्वी क्षमेवर डोळे पुसलेली माणसं ही.

आता तो माणूस वाईट आहे का? मुळीच नाही. त्या दिवशीचं ते त्यांचं दुसरं कीर्तन होतं, आदल्या रात्री गाडीतच झोप, सकाळी पुन्हा काकडा, पोटात चहा अन् चिवडा. अशा माणसाला क्षमेवरचं आणखी एक प्रमाण, म्हणजे अभंगाचा दाखला, ऐकवून काय उपयोग, त्याला आधी भाकर वाढा आणि कोणीतरी हात धरून म्हणा की महाराज, पाच मिनिटं बसा, मग बोला. पण म्हणणार कोण? मागच्या पोस्टचं सगळं सार एवढंच होतं काकाजी, की ज्याच्या पाया गाव पडते त्याला "थांबा" म्हणणारं कोणी उरत नाही, म्हणून त्याला ते रोजच्या सवयीतून स्वतःच जमवावं लागते.

हरिपाठाचं म्हणाल तर मी हरिपाठाच्या विरोधात कुठं आहे, माझं अर्धं आयुष्य त्यातच गेलं. पण एक फरक बघा. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी मंदिरात येऊन हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला तो विसावा आहे. महाराजांचं ते काम आहे. तेच अभंग, तेच नाम, पण समोर माईक, मोबाईलचे स्टँड, युट्यूब लाईव्ह, अन् डोक्यात हे चालू की चाल बसली का, लोकं उठून तर नाही चालले. चारचौघात केलेली साधना लोकांना पोचते, पण करणाऱ्याला पोचतेच असं नाही. म्हणून त्याला असं काहीतरी पाहिजे जे कोणी पाहत नाही, कोणी रेकॉर्ड करत नाही. पहाटे काकड्याच्या आधी दहा मिनिटं नुसतं बसणं, बोटात माळ नाही, तोंडात प्रमाण नाही. हे इंग्रजी आहे म्हणता? मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं जागच्या जागी चिडीचूप उभी राहतात, ते तुम्ही पाहिलंच असंल. गप राहणं आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको, आपण ते वर्षातून एकदा करतो एवढंच.

आता गाडगेबाबा. हा मुद्दा तुम्ही काढला ते बरं झालं, कारण मला यावरच जास्त बोलायचं आहे.

बाबांनी पोराची बातमी आल्यावरही कीर्तन सोडलं नाही हे खरंच आहे, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण बाबांचं बाकीचं रोजचं जगणं पाहा नं. गावात आले की आधी खराटा. कीर्तन रात्री, पण दिवसभर झाडणं, म्हणजे रात्री ज्यांच्यासमोर उभं राहायचं त्यांच्याच नाल्या सकाळी साफ केल्या. पाया पडू देत नव्हते, कोणी वाकलं तर काठी उगारायचे. शिष्य केला नाही, मी कोणाचा गुरू नाही म्हणायचे. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर लोकांकडून काढायचे, स्वतः अडाणी असल्याचं सांगून मोकळे. कोट्यवधीच्या धर्मशाळा उभ्या केल्या अन् स्वतः गाडग्यात भाकर खाल्ली. १८७६ साली शेंडगावला जन्मलेला हा माणूस १९५६ ला वलगावजवळ गाडीत गेला, तोपर्यंत हेच. मी ज्याला रोजच्या सवयी म्हणतो त्या याच की. मोठेपणा डोक्यात जाऊ नये याचा बंदोबस्त त्या माणसानं रोज सकाळी हातात खराटा घेऊन केला. आपण मात्र त्यातली एक रात्र उचलली, पोराच्या बातमीची, आणि बाकीचे दिवस सोडून दिले.

आणि ती एक रात्र आपण वापरतो कुठं? हे जरा कडू आहे पण लिहितो. आपल्या भागात कोणाच्या घरी काय होते ते तुम्हाला सांगायला नको. १९८६ च्या १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबानं जीव दिला, त्या तारखेला अजूनही लोकं उपवास धरतात, आणि त्यानंतर किती घरं गेली त्याचा हिशोब गावागावात आहे. कधी बोंडअळी, कधी सोयाबीनवर येलो मोझॅक, वर कर्ज. अशा घरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी महाराजांना घेऊन जातात, सांत्वनाला. मी गेलो आहे सोबत. एका घरी म्हातारी ओसरीत बसली होती, पोराच्या चपला दाराशी तशाच. महाराज बसले अन् सुरू झाले, आत्महत्या महापाप, मग प्रारब्ध, आणि मग हेच, गाडगेबाबांकडं पाहा माय, पोरगा गेला तरी डोळ्यात टिपूस नाही. म्हातारीनं रडणं थांबवलं. खरंच थांबवलं, तोंडात पदर कोंबला. महाराजांना वाटलं सांत्वन झालं.

बाबांनी स्वतःच्या दुःखाला जे करायचं ते केलं, तो त्यांचा अधिकार. दुसऱ्याच्या आईला त्यांनी तसं करायला सांगितल्याचं काही मी ऐकलं नाही. आणि मला जे दिसते ते असं की ज्या महाराजाला स्वतःच्या घरच्या मयतीला नीट रडू दिलं नाही लोकांनी, तोच दुसऱ्याचं रडणं पाहून घाबरते, अन् घाबरला की बोलत सुटते. म्हणून मी रडू आलं तर रडा लिहिलं, नाजूकपणा म्हणून नाही. अशा घरी गेलं की पहिला अर्धा तास तोंडच उघडू नये, एवढी एक सवय लावली तरी लय झालं. "जेवल्या का माय" विचारावं, पोराबद्दल ती जे सांगते ते ऐकावं, पाप-पुण्याचा विषय काढूच नये. आणि तेरवी झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, एकदा न बोलावता पुन्हा जावं, कारण खरं घर तेव्हा रिकामं होते. घरातल्या दुसऱ्या कोणाचं बोलणं उलटंसुलटं वाटलं, "आता जगून काय" असं, तर ते कीर्तनाचं काम नाही, पीएचसीच्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरला कळवावं, १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर आहे तो लावून द्यावा. महाराजांच्या मोबाईलमधे आमदाराचा नंबर असते, हाही असू द्या.

बरं, "संतांना असले रागलोभ नव्हते" असंही तुम्ही ओझरतं लिहिलं. काकाजी, तुम्ही विणेकरी माणूस, नामदेवांची गोष्ट तुम्हाला मी सांगावी? गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थोपटून पाहिलं की कोणतं मडकं भाजलं अन् कोणतं कच्चं. बाकी सगळे गप बसले, नामदेवांना राग आला, अन् गोरोबांनी सांगून टाकलं, हे कच्चं. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणारा माणूस, त्याला भर मंडळीत कच्चा म्हटलं! रुसून पंढरपूरला गेले, तक्रार केली, आणि तिथून शेवटी औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं, गुरू करायला. वारकरी परंपरेनं ही गोष्ट लपवून नाही ठेवली, सातशे वर्षं सांगत आली. ताटीचे अभंगही तसेच, ज्ञानोबा दार लावून बसलेले अन् धाकटी बहीण बाहेरून समजावते. म्हणजे थोरांनाही रुसवा येते, पण त्यांच्याभोवती गोरोबा होते, मुक्ताई होती. आजच्या महाराजांभोवती कोण आहे? ड्रायव्हर, कॅमेरावाला, आणि "काय कीर्तन झालं महाराज, आजवर असं ऐकलं नाही" म्हणणारे आम्ही.

याची सगळ्यात चांगली सोय मला बौद्ध विहारात दिसली. आमच्याच गावात आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास चालते, तीन महिने बाबासाहेबांचा ग्रंथ वाचतात. ते संपते तेव्हा भिक्खू संघात पवारणा असते. म्हणजे काय तर प्रत्येक भिक्खू, ज्येष्ठ असला तरी, किंबहुना ज्येष्ठ आधी, बाकीच्यांना हात जोडून म्हणते की या तीन महिन्यात माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं किंवा तुम्हाला शंका आली असंल तर दया करून सांगा. अडीच हजार वर्षांपासूनची पद्धत आहे ही. कोणाला वाईट वाटंल म्हणून कोणी सांगत नाही, म्हणून विचारायचीच रीत ठेवली. आता विचार करा, काल्याच्या, म्हणजे सप्त्याच्या शेवटच्या, दिवशी एखाद्या महाराजांनी टाळकऱ्यांना असं विचारलं तर? जमिनीत गडप होईल आमची मंडळी, सवयच नाही. म्हणून मी म्हणतो सगळ्यांना नको विचारू, एकाला विचारा. बायकोला विचारलं तर उत्तमच, तिला सगळं माहीत असते, फक्त विचारलेलं नसते. नाही तर जुना विणेकरी, तुमच्यासारखा. आठवड्यातून एकदा फोन, "या आठवड्यात मी कोणाला दुखवलं का?" आणि उत्तर आल्यावर सफाई द्यायची नाही. विचारणं सोपं आहे, मेहनत लागते ती या गप राहण्याला.

डायरीवर तुम्ही हसले. अहो डायरी म्हणजे वही घेऊन निबंध नाही. झोपताना दोन ओळी, आज कोणावर तापलो, आणि तापण्याच्या आधी काय झालं होतं. भूक? अपमान? पुढच्या महाराजांना जास्त गर्दी? बस. महिनाभरात दिसून येते की रागाची कारणं दोन-तीनच असतात, फिरून फिरून तीच. ख्रिस्ती लोकांत रोज रात्री दिवस तपासायची पद्धत आहे, मुसलमानांत स्वतःचा हिशोब घेणं आहे त्याला मुहासबा म्हणतात. कोणत्याही धर्मात माणूस तोच आहे.

आणि एक, जे मागच्या वेळी लिहायचं राहून गेलं. नारदाच्या गादीवरून, म्हणजे कीर्तनाला उभं राहतात तिथून, नाव न घेता टोमणे मारणं. ज्यानं तारीख रद्द केली, ज्यानं कमेंटमधे वाकडं लिहिलं, ज्या दुसऱ्या महाराजांचं पटत नाही, सगळे त्या दोन तासात निघतात, आणि सगळ्या गावाला कळते कोणाबद्दल आहे. हे बंद केलं तर अर्धं काम झालं असं मला वाटते. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या घरी जाऊन भांडावं, तिथं त्याला उत्तर देता येते.

वेळ नाही म्हणता, महाराजांना शेती आहे म्हणता. माझ्या पाहण्यात जे महाराज पावसाळ्यात खरंच शेतात उतरतात, डवरणीच्या मागं चालतात, ते जास्त निवांत असतात. वखराला माहीत नसते की हा महाराज आहे. ज्यांनी शेती मक्त्यानं देऊन बाराही महिने तारखा घेतल्या, त्यांचं मला भेव वाटते.

राहिलं पाकीट. "तुम्हाला पाकीट मिळते म्हणून बोलता" असं लिहिलं तुम्ही. मिळते की, अन् कमी मिळते. पण यातही तोच घोळ आहे पाहा. महाराज तोंडानं म्हणतात काही नको, जे द्याल ते. मंडळ समजते खरंच काही नको. मग पाकीट हलकं निघालं की तो राग तीन गावं पुढं जाऊन एखाद्या साऊंडवाल्यावर निघते. त्यापेक्षा तारीख देतानाच फोनवर सरळ बोलून घ्यावं, महाराजांचं इतकं, गाडीचं इतकं, गायक-पखवाजीचं वेगळं इतकं. लाज कशाची त्यात? आणि जिथं गाव गरीब आहे तिथं फुकट करायचं ते आधीच सांगून करायचं, मागाहून मनात धरून नाही. तुमच्या गावच्या मंडळाकडं माझे मागच्या सप्त्याचे राहिले आहेत, ते तेवढं अध्यक्षांना आठवण करून द्या काकाजी, मी तोंडानं सांगितलं आहे, आता लिहूनही सांगतो.