एकही भाग न गाळता

जुनी मालिका पाहायची तर पहिल्या भागापासून, क्रमाने आणि एकही भाग न गाळता पाहायची, असा माझा बाणा आहे. त्यामुळे ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका पाहायचे ठरले, तेव्हा “२००५पासूनचे नवे भाग बघ आणि मोकळा हो” हा जाणकारांचा सल्ला मी धुडकावून लावला आणि थेट २३ नोव्हेंबर १९६३ या तारखेला जाऊन बसलो. बीबीसीने त्या शनिवारी सुरू केलेली ही मालिका १९८९पर्यंत २६ मोसम चालली, हा तपशील मी वाचला होता; त्याचा गुणाकार तेवढा केला नव्हता.

पहिला भाग उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. अंधारे भंगाराचे आवार, तिथे गुणगुणत उभी असलेली, बाहेरून कपाटाएवढी आणि आतून दिवाणखान्याहून मोठी पोलिसपेटी (म्हणजे रस्त्यावरून पोलिसांना फोन करण्याची खोकी; इथे मात्र ‘डॉक्टर’ नावाच्या नायकाचे यान), आणि तिच्यात शिरून अडकलेले दोन शिक्षक, विज्ञानाचे इयन आणि इतिहासाच्या बार्बरा. स्थळकाळात कुठेही जाऊ शकणारे हे यान सर्वप्रथम कुठे जाते? अश्मयुगात. तिथे पुढचे तीन भाग केस पिंजारलेली माणसे ‘विस्तव कोण पेटवणार’ या एकाच प्रश्नावर भांडतात. मूळ प्रेक्षकांना हे भांडण आठवड्यातून एकदा, पंचवीस मिनिटेच ऐकावे लागत होते. मी ते रोज रात्री ऐकत होतो.

मग डॅलेक आले, म्हणजे धातूच्या कवचात राहणारे परग्रहावरचे खलनायक. मालिकेची कल्पना रुजवणाऱ्या सिडनी न्यूमन यांना बटबटीत डोळ्यांचे राक्षस अजिबात नको होते. पण एका हाताच्या जागी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप लावलेल्या या डब्यांनीच मालिका तारली. ते भितीदायक आहेत, हे मी मान्य करतो. मात्र सात भागांच्या त्या कथेतील सहाव्या भागात मंडळी एका गुहेतील दरी ओलांडतात, तीही एकेक करून, प्रत्येकाने पुरेसे घाबरून. त्या भागाचे नावच ‘द ऑर्डील’ आहे. परीक्षा नेमकी कोणाची, याचा खुलासा केलेला नाही.

त्यानंतरच्या कथेत यानाबाहेर कोणी जातच नाही. चार पात्रे, एक नेपथ्य आणि दोन भाग भरून संशय, भ्रम, गळा दाबण्याचे प्रयत्न आणि सर्वनाशाची चाहूल. आणि शेवटी निष्पन्न होते की एका बटणाची स्प्रिंग अडकली होती. मी आधी चिडलो, पण यंत्रे अशीच बिघडतात आणि माणसे एकमेकांवर असाच संशय घेतात. मालिकेतील मला सर्वांत पटलेले विज्ञान हेच.

खरा पेच पुढे होता. ‘मार्को पोलो’ या कथेचे सातही भाग अस्तित्वात नाहीत. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही नष्ट झाल्या, आणि साठच्या दशकातील बरेच भाग असे नाहीसे झाले. उरला तो केवळ आवाज, कारण काही चाहत्यांनी त्या काळी घरी बसून तो टेपवर उतरवून घेतला होता. कोणी त्या आवाजाला स्थिरचित्रे जोडली. माझ्या नियमात ‘न गाळता’ असे होते. ‘अस्तित्वात असल्यास’ अशी सवलत नव्हती. तेव्हा एका निश्चल मंगोल सरदाराकडे टक लावून मी खरखरीतून संवाद वेचत बसलो असता पत्नीने मागून विचारले, “अहो, नेट गेलंय का?” मी म्हणालो, “नाही, हा भागच असा आहे.” तिने चित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “मग बंद तरी कशाला करता, असंच राहू द्या. देव्हाऱ्याशेजारी बरं दिसेल.”

पुढच्या कथेत तर मधले दोन भाग खुद्द डॉक्टरच गायब असतो, कारण ती भूमिका करणारे विल्यम हार्टनेल रजेवर होते. नायकाने रजा घ्यावी आणि प्रेक्षकाने घेऊ नये, हा अन्याय आहे. १९६५च्या ‘द वेब प्लॅनेट’मध्ये माणसाएवढ्या मुंग्या आहेत आणि त्यांतील एक थेट कॅमेऱ्यावर आदळते. पुन्हा चित्रीकरण करण्याइतका वेळ आणि पैसा नव्हता. सहा भागांत तीच एक मुंगी मला मनापासून वागताना दिसली.

ऑक्टोबर १९६६मध्ये हार्टनेल जातात आणि पॅट्रिक ट्राउटन येतात. नट बदलायचा आणि डॉक्टरचाच कायापालट झाला असे दाखवायचे, मालिकेला पुढे इतकी वर्षे जगवणारी युक्ती ती हीच. हा बदल ज्या भागात होतो तो भाग हरवलेला आहे. प्रत्यक्ष कायापालटाचा तुकडा दुसऱ्या एका कार्यक्रमात दाखवला गेल्यामुळे तेवढा वाचला. नव्या डॉक्टरची पहिली कथा सहा भागांची, आणि तीही सबंध हरवलेली. त्यातील भागांची नव्याने काढलेली चलचित्रे मिळतात, पण ट्राउटन मुद्रेने काय करत होते ते त्यांत कसे कळणार? त्यामुळे माझी त्यांच्याशी पहिली ओळख कानानेच झाली.

२०१३मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ हरवलेले भाग परत आल्याची बातमी जाहीर झाली, तेव्हा चाहत्यांना आनंदाचे भरते आले. मलाही हरवलेले सगळे भाग मिळावेत असे मनापासून वाटते. फक्त ते मी त्यांच्यापुढे जाण्याआधी मिळावेत. ‘मार्को पोलो’ची चित्रे हलू लागली तर नियमाप्रमाणे मला मागे जावे लागेल, आणि पत्नी म्हणते की या खेपेला ती माहेरी जाईल.