घाला, पण नाव काढू नका

स्वयंपाकात अजिनोमोटो, म्हणजेच एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट), वापरायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती सापडायला. एकदा का कुणाला तुमच्या कपाटात ते पांढरे चकचकीत स्फटिक दिसले, की आजवर बोटं चाटून जेवलेल्या मंडळींना मागच्या सगळ्या जेवणांनंतरची डोकेदुखी एकदम आठवते, अगदी तारीखवार. तेव्हा या भानगडीत पडायचंच असेल, तर नीट तयारीनिशी पडा.

सुरुवात बरणीपासून. पाकीट घरात आल्याआल्या रिकामं करा आणि फाडून टाका. बरणीवर चिठ्ठी लावू नका, आणि ती साखरेच्या बरणीपासून लांब ठेवा. गोड पदार्थात हे पडलं तर चव वाढत नाही, चौकशी मात्र होते.

आता प्रमाण. (एवढा एक परिच्छेद सरळ आहे, बाकीचा लेख तुमच्या प्रतिष्ठेसाठी.) चार-सहा माणसांच्या सूपला किंवा अर्धा किलो मांसाला चहाचा अर्धा चमचा खूप झाला, पहिल्यांदा त्याहून कमीच घाला. तेलात टाकून परतत बसू नका, ते पाण्यात विरघळतं. नुसतं चाटून पाहिलंत तर निराशा होईल, कारण त्याला जे काही जमतं ते दुसऱ्या पदार्थाच्या संगतीत. जास्त घातलं की चव आणखी वाढत नाही, उलट बिघडते. आणि मीठ जरा कमी करा. मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असतं, यात सुमारे १२. थोडं मीठ काढून त्याजागी थोडं हे घातलं, तर चव राहून सोडियम घटतं. पण हे कुणाजवळ बोलू नका. तब्येतीचा मुद्दा चुकून तुमच्या बाजूला आला, तर समोरच्याने भांडायचं कशावर?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाहीर निषेध. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की सर्वांत आधी तुम्हीच नाक मुरडा. ‘केमिकल’ हा एक शब्द पुरतो. मीठही केमिकलच असा फाजील प्रश्न कुणी काढला तर ऐकू न आल्यासारखं करा. अजिनोमोटो ज्याचा क्षार आहे ते ग्लुटामिक आम्ल १८६६ मध्ये रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गव्हातल्या प्रथिनातून वेगळं केलं, आणि १९०८ मध्ये टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांना कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातली चव शोधताना पुन्हा तेच हाती लागलं, हा इतिहास सांगू नका. गहू आणि समुद्री वनस्पती ऐकून कुणी घाबरत नाही. हल्ली अजिनोमोटो ऊस, मका अशांच्या साखरेवर जिवाणू वाढवून, आंबवून करतात हे तर मुळीच बोलू नका. ‘आंबवलेलं’ म्हटलं की लोक लगेच ते पोटाला चांगलं का, म्हणून विचारू लागतात. ‘कारखान्यात बनतं’ एवढंच म्हणा आणि थांबा.

पुरावा मागितलाच तर १९६८ सालाकडे बोट दाखवा. त्या वर्षी रॉबर्ट हो मान क्वॉक या डॉक्टरांचं एक पत्र अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी संशयित बरेच मांडले होते. त्यात स्वयंपाकातली वाइन होती, भरमसाट मीठही होतं. अजिनोमोटोही होतं. जगाने मात्र त्या एकालाच धरलं. वाइन निर्दोष सुटली, ती का, हे वाइन पिणाऱ्यांना विचारा. पुढच्याच वर्षीचा उंदरांचा प्रयोगही सांगता येईल. नवजात पिल्लांच्या मेंदूला इजा झाली, एवढं सांगा. भलामोठा डोस सुईने कातडीखाली टोचला होता, हे गाळा. चमच्याने जेवणाऱ्यांना ते ऐकून उगाच धीर येतो.

स्वतःला खात्रीलायक त्रास करून घ्यायचा असेल, तर त्यालाही पद्धत आहे. उपाशी पोटी तीन ग्रॅम किंवा जास्त, पाण्यात कालवून, सोबत काहीही न खाता. एवढं केल्यावर काही संवेदनशील माणसांना थोडा वेळ डोकं दुखणं, तोंड लाल होणं असं होऊ शकतं. हमी मात्र नाही. आपल्याला त्रास होतोच असं छातीठोक सांगणाऱ्या १३० जणांना गुपचूप कधी हे, कधी दुसरंच काही देऊन पाहिलं, तर परत परत दिल्यावर त्यांच्या तक्रारींचा मेळ बसेना. जेवणात मिसळलेल्या चिमटीवर तर डोकेदुखीची भिस्त ठेवूच नका.

नाजूक पाहुणे आले, तर टोमॅटो, मशरूम आणि मुरलेलं परमेसान चीज भरपूर वाढा. त्या चीजमध्ये १०० ग्रॅममागे एक ग्रॅमहून जास्त मोकळं (प्रथिनात न अडकलेलं) ग्लुटामेट असतं. ते मागून मागून घेतील आणि कुणाचंही डोकं दुखणार नाही, कारण चीजचं नाव चीज आहे. आतड्याला हा फरक कळत नाही, पण आतड्याला कोण विचारतो? आईच्या दुधातही ग्लुटामेट भरपूर असतं. बाळं तक्रार करत नाहीत. त्यांना वाचता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अंदाजाने मोठा माणूस रोज जेवणातल्या प्रथिनांतून सुमारे १३ ग्रॅम ग्लुटामेट खातो आणि वरून घातलेलं एमएसजी जेमतेम अर्धा ग्रॅम. घाबरायचं ते अर्थात या अर्ध्या ग्रॅमला.

तरीही हात धजावत नसेल, तर ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ (यीस्टचा अर्क) किंवा सोया सॉस घाला, ग्लुटामेट त्यांतही असतंच, आणि ‘आमच्याकडे अजिनोमोटो चालत नाही’ असं ठासून सांगा. वाक्य तंतोतंत खरं आहे. सुकवलेल्या मशरूमचं पाणी तर फारच सोयीचं. त्यातलं ग्वानिलेट (चव वाढवणारा आणखी एक घटक) आणि ग्लुटामेट एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पट चढते. चिमूट आणखी लहान करता येते आणि श्रेय मशरूमला देता येतं.

शेवटी कृती मागणारे येतातच. त्यांना सगळं मनापासून सांगा. आच, वेळ, कांदा किती बारीक चिरायचा तेसुद्धा. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाऊ द्या. घरी जाऊन ते करतील, जमणार नाही, आणि तुमच्या हातालाच चव आहे असं चारचौघांत सांगतील. एखाद्याला मात्र ते हुबेहूब जमेल. त्याच्याकडे जेवायला गेलात तर फार खोदून विचारू नका. पोटभर जेवा, आणि विषय पावसापाण्याकडे न्या.