पाय धुऊन घेताना

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. पाळकसाहेब गुडघ्यावर बसतात, पुढ्यात स्टीलचं घमेलं, खांद्यावर टॉवेल. यंदा बारा जणांत माझंही नाव होतं. खरं सांगतो, घरून निघताना मी पाय साबणाने दोनदा घासले, नखं कापली, धुतलेले मोजे चढवले. शेजारी कमिटीतले एक काका होते, त्यांच्या पायांना तर पावडरचा वास येत होता. म्हणजे पाळकांनी धुवायचे पाय आम्ही घरूनच धुऊन आणलेले!

काकांची पाळी आली तसे त्यांनी पाय मागे घेतले. "नको साहेब, तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा? माझी काय लायकी?" हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. मागच्या बाकांवरच्या माना उंचावल्या. विधी अडला तो काकांपाशीच. पाळकांनी दोनदा विनवलं तेव्हा कुठे पाय पुढे आले.

पलीकडे चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि भेगाळलेली टाच घमेल्यात टेकवली. पाणी गढूळ झालं. "लई गार हाय," म्हणाल्या आणि हसल्या. झालं.

रात्री बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा काढला. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, तो हा प्रसंग. तिथे शिष्यांतला पेत्रही पाय धुऊ देत नाही. वरवर पाहिलं तर त्या खोलीतला सगळ्यात नम्र माणूस तोच. पण प्रभू त्याची पाठ थोपटत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं सरळ सुनावतो. (त्यावर हा पठ्ठ्या म्हणतो, मग हात आणि डोकंही धुवा. अर्धवट काही करणं पेत्राला ठाऊकच नाही.)

मला वाटतं, खोटी नम्रता ओळखायची ती इथे. ती द्यायला कायम पुढे असते, घ्यायची वेळ आली की अंग चोरते. मग ती मदत असो, कौतुक असो, नाहीतर कानउघाडणी. मराठीत याला मानभावीपणा म्हणतात. शब्द महानुभाव पंथाच्या नावावरून आलेला, म्हणून त्यांच्यावर अन्याय करणारा आहे, पण रोग नेमका सांगतो.

काकांवर कशाला घसरू, माझंच सांगतो. मी क्वायरमध्ये पेटी वाजवतो. कुणी छान म्हटलं की माझं ठरलेलं उत्तर, "मी कसला वाजवणारा, सगळा गौरव प्रभूला." ईस्टरनंतर एका आजींना हेच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "हो रे बाबा, आज जरा चुकलंच तुझं." आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. मी नालायक आहे हे मी म्हणायचं, दुसऱ्याने नाही!

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. आपल्याला काही येत नाही, असं त्यांनी कधी भासवलं नाही. 'पंडिता' ही कोलकात्यात 1878 साली मिळालेली पदवी त्या ख्रिस्ती झाल्यावरही नावामागे राहिली. संस्कृत येत होतंच. बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीकही शिकल्या. आणि एवढी विद्या लावली कुठे, तर जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांनाही समजेल अशा सोप्या मराठीत शास्त्र आणायला. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनीच ते छापलं. 1922 मध्ये मरणापूर्वी काम पुरं केलं.

आणखी एक गोष्ट खटकते, तीही लिहून टाकतो. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत 'नम्र राहा' हा उपदेश बहुतेक वेळा वरून खाली जातो. तरुणांनी दानार्पणाचा हिशेब मागितला, की नम्र राहा. सुनेने तोंड उघडलं, की नम्र राहा. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर मान खाली घालण्यातच जन्म काढला, त्यांना हे सांगताना जीभ अडखळायला हवी. बायबलातल्या कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौलाने दिखाऊ नम्रतेबद्दल चांगलं खडसावलंय, पण त्या उताऱ्यावर आमच्याकडे उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही.

परवा त्या आजींना गाठलं. म्हटलं, "आजी, त्या दिवशी नेमकं कुठे चुकलं?"

"दुसऱ्या कडव्यात." जरा थांबून म्हणाल्या, "तिसऱ्यात पण."

पेटी काढली आणि दोन्ही कडवी त्यांच्यासमोर पुन्हा वाजवली. तिसरं अजून बसलेलं नाही.