उशीर फुजिओकाने केला नव्हता

खेळांवरून महाराष्ट्रात वाद निघाला की दोन टोकं हमखास ऐकू येतात. एका बाजूचं म्हणणं असं, की पदक हवं असेल तर पोर आठव्या वर्षी मैदानात उतरवा, पुढे काही जमत नाही. दुसरी बाजू सांगते, वय हा नुसता आकडा, मनात आणलं की झालं. नाओको फुजिओकाची कारकीर्द या दुसऱ्या बाजूला फार सोयीची वाटेल: 34व्या वर्षी व्यावसायिक बॉक्सर आणि 42व्या वर्षी पाच वजनी गटांत जगज्जेती. पाच गटांत विजेतेपद मिळवणारी ती पहिली जपानी. पुरुषांतही तिच्याआधी कुणाला ते जमलं नव्हतं. पण जपानमध्ये राहून हा खेळ जवळून पाहिला की तिची गोष्ट दोन्ही बाजूंना सोयीची राहत नाही.

तिच्या बाबतीत उशीर नेमका कुणी केला, हे आधी बघायला हवं. फुजिओका 1975ची, मियागी प्रांतातली, मूळची सॉफ्टबॉल खेळाडू. बॉक्सिंगकडे ती विशी ओलांडल्यावर वळली आणि हौशी स्पर्धांत बरीच वर्षं खेळून राष्ट्रीय पातळीवर जिंकलीही. व्यावसायिक होण्याची सोय मात्र नव्हती, कारण जपान बॉक्सिंग कमिशनने (जेबीसी) महिलांना परवाने द्यायला सुरुवातच 2008 मध्ये केली. तोवर ती बत्तीस वर्षांची झाली होती. 2009 मध्ये ती पहिली व्यावसायिक लढत खेळली, तेव्हा पाय, श्वास, अंतराचा अंदाज हे सगळं तयार होतं. कोऱ्या पाटीवर 34व्या वर्षी सुरुवात करून जगज्जेतेपद लिहिता येत नाही, हे आठव्या वर्षाचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त ती पाटी कोरी नव्हती.

मे 2011 मध्ये, मियागीला भूकंप आणि त्सुनामीने झोडपून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा टोकियोच्या कोराकुएन हॉलमध्ये तिने मेक्सिकोच्या अनाबेल ऑर्टिझला आठव्या फेरीत थांबवून डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेचं मिनिममवेट विजेतेपद घेतलं.

पुढचा वजनांचा प्रवास मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. मिनिममवेटची मर्यादा 47.62 किलो. तिथून 2013 मध्ये ती मधले दोन गट सोडून थेट सुपर फ्लायवेटला, म्हणजे 52.16 किलोला गेली. 2015 मध्ये बँटमवेट, 53.52 किलो. मार्च 2017 मध्ये फ्लायवेटला, 50.80 किलोवर उतरली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 48.98 किलोच्या लाइट फ्लायवेटमध्ये कोस्टा रिकाच्या योकास्ता व्हाएला हरवलं. व्हाए तेव्हा 25 वर्षांची होती. बहुतेक बॉक्सर वयाबरोबर वरच्या गटांत सरकतात. ही चाळिशीनंतर साडेचार किलो खाली आली.

यातली जोखीम घरी बसून कळत नाही. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी आणि मीठ तोडून वजन उतरवायचं आणि काट्यावरून उतरताच पुन्हा भरायचं, ही सर्रास चालणारी पद्धत. वय वाढलं की ती अंगाशी येते. गेलेलं पाणी एका दिवसात पुरतं भरून निघत नाही, पाचव्या-सहाव्या फेरीत पाय जड होतात, हात खाली येतात आणि तेव्हाच डोक्यावर मार बसतो. महिलांची जागतिक लढत दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांची असते. फेरी छोटी असल्यामुळे अंदाज घेत पहिलं मिनिट घालवणं परवडत नाही. वय वाढल्यावर खाली यायचं तर वजन कित्येक आठवडे आधीपासून आहारानेच उतरवावं लागतं, शेवटी पाण्यासाठी फार थोडं ठेवून.

जपानची व्यवस्था आदर्श होती, असंही नाही. इथे 37 वर्षं पूर्ण झाली की परवाना जायचा. विद्यमान विजेत्यांना सूट होती आणि ऑगस्ट 2012 मध्ये फुजिओका 37ची झाली तेव्हा कमरेला विजेतेपदाचा पट्टा होता, म्हणून ती राहिली. तिच्याच वयाची, तितकीच धडधाकट, पण विजेती नसलेली बॉक्सर घरी गेली असती. हा नियम 2023 मध्ये रद्द झाला. चाचण्या मात्र कडकच: मेंदूचा सीटी स्कॅन, महिलांसाठी गर्भधारणा चाचणी, आणि नॉकआउट झाल्यास 90 दिवस रिंग बंद. आमच्या मते निवड अशीच व्हावी, जन्मदाखल्यापेक्षा स्कॅनवरून.

भारताशी एक धागा इथे थेट जुळतो. फुजिओकाने 45व्या वर्षी, जुलै 2021 मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये सुलेम उर्बिनाविरुद्ध पट्टा राखला आणि एप्रिल 2022 मध्ये सॅन अँटोनियोत तो मार्लेन एस्पार्झाकडे गमावला. ही एस्पार्झा म्हणजे 2012च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 51 किलो गटात मेरी कोमबरोबर कांस्यपदक मिळवणारी. मेरी कोम मात्र हौशी बॉक्सिंगच्या चाळिशीच्या मर्यादेपाशी अडली. तीन फेऱ्यांच्या, नऊ मिनिटांच्या खेळासाठी ती नको होती, आणि तिच्याहून सात वर्षांनी मोठी बाई त्याआधीच, 46व्या वर्षी, जागतिक पट्ट्यासाठी दहा फेऱ्या लढून गेली होती.

महाराष्ट्रात खेळ हा बहुतेक घरांत दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतलं पाच टक्के आरक्षण यांच्या हिशेबात बसवलेला आहे. त्यामुळे दहावीला मुलीचा सराव बंद होतो, आणि पंचविशीत तिला परत यावंसं वाटलं तर यायचं कुठे? कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स खेळलेल्या अशा कितीतरी बायका आहेत. त्यांचीही पाटी कोरी नाही.

टोकियोच्या साध्या जिममध्ये महिना साधारण दहा ते पंधरा हजार येन भरून कुणीही संध्याकाळी येतं. हाताला पट्टी बांधायची, दोन-तीन फेऱ्या दोरी, तितकंच आरशासमोर शॅडो (हवेत ठोसे), मग प्रशिक्षकाच्या पॅडवर दोन फेऱ्या, शेवटी बॅग. ऑफिसातून आलेली पन्नाशीची बाई आणि पुढच्या महिन्यात लढत असलेली मुलगी एकाच घंटेवर थांबतात. पैसा यात फारसा नाही. मानधनातला तिसरा हिस्सा मॅनेजरचा, आणि उरलेलंही अनेकदा तिकिटांच्या रूपात हाती पडतं, ती स्वतः विकायची. म्हणून बहुतेकींची नोकरी चालूच असते.

आपल्याकडे जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलं उभी आहेत. तिथे संध्याकाळी सात ते नऊ प्रौढ महिलांसाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही. एक प्रशिक्षक, चार बॅग, पट्ट्या, हेडगार्ड आणि स्पारिंगआधी (जोडीदाराशी सरावाची लढत) डॉक्टरांची तपासणी. पहिले तीन महिने स्पारिंग नकोच, फक्त पाय आणि बचाव. नवख्या प्रौढांना दुखापत होते ती बहुधा मनगटाला किंवा खांद्याला, जोर आधी आणि तंत्र मागून आल्यामुळे.